बिल्ला हातात, चप्पल स्टँडवर: व्हेरिएबल पुन्हा वापरणं आणि ऑब्जेक्ट सोडून देणं

गेल्या वर्षी गणपती तीन आठवड्यांवर आले होते, तेव्हाची गोष्ट. लालबागच्या आमच्या चाळीतला बारावीचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन दारात उभा राहिला. "मावशी, प्रोग्राम चालतोय, पण सगळ्यांच्या नावावर ४२ नंबरच्या काकूच येतायत!" मंडळाचं वर्गणीचं पावतीपुस्तक त्याने पायथॉनमध्ये उतरवलं होतं. ४२ खोल्यांच्या ४२ ओळी छापून आल्या होत्या आणि प्रत्येक ओळीत तेच: खोली ४२, काकूंचं नाव, रक्कम ५१. बेरीज २,१४२ रुपये. पेटीत त्याच्या कितीतरी पट रोकड होती. खजिनदारांनी अजून पाहिलं नव्हतं म्हणून बरं.

एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, प्रोग्राम खुशाल चालतोय. नवशिक्यांना सगळ्यात जास्त छळणारी चूक हीच. त्याचं म्हणणं असं, की "मी एकच व्हेरिएबल पुन्हा पुन्हा वापरलं, म्हणून झालं असेल." तिथेच गफलत होती. व्हेरिएबल, म्हणजे नुसतं नाव, पुन्हा वापरण्यात काही वावगं नव्हतं. त्याने पुन्हा वापरलं होतं ते ऑब्जेक्ट, म्हणजे मेमरीत माहिती धरून बसलेली प्रत्यक्ष वस्तू.

पुढे जाण्याआधी कोडबद्दल एक खुलासा. इथले नमुने मी देवनागरीत लिहिलेत. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलची आणि क्लासची नावं देवनागरीत खरोखरच चालतात. मात्र क्लास, डेफ, फॉर, डेल हे राखीव शब्द, प्रिंटसारखी तयार फंक्शन्स आणि कोडमधले आकडे रोमन लिपीतच टाइप करावे लागतात. गंमत म्हणजे कोडमध्ये थेट ५०१ लिहिलंत तर पायथॉन अडतो, पण अवतरणात '५०१' देऊन इंट() ला सोपवलंत तर तो निमूट त्याचा आकडा करून देतो.

पायरी १: बिल्ला आणि चप्पल

देवळाबाहेरचा चप्पल स्टँड डोळ्यासमोर आणा. चपला आत फळीवर जातात, तुमच्या हातात नंबराचा बिल्ला येतो. दर्शनाच्या रांगेत तुम्ही फिरवता तो बिल्ला, चपला जागच्या हलत नाहीत. पायथॉन, जावा, सी शार्प, जावास्क्रिप्ट या भाषांत ऑब्जेक्ट ठेवलेलं व्हेरिएबल म्हणजे असा बिल्ला. ऑब्जेक्ट मेमरीत फळीवर असतं, व्हेरिएबलजवळ असतो फक्त त्याचा पत्ता. या पत्त्याला रेफरन्स म्हणतात.

फरक एवढाच, की देवळात एका जोडाला एक बिल्ला, आणि इथे एकाच ऑब्जेक्टच्या बिल्ल्याच्या हव्या तितक्या नकला निघतात, त्याही फुकट. सगळा गोंधळ या नकलांचा.

आमचा क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा, असा:

```
क्लास वर्गणी:
    डेफ __इनिट__(सेल्फ, खोली=०, नाव='', रक्कम=०):
        सेल्फ.खोली = खोली
        सेल्फ.नाव = नाव
        सेल्फ.रक्कम = रक्कम
```

आता या तीन ओळी बघा. तिन्हींत बरोबरचं चिन्ह आहे, तिन्ही दिसायला सारख्या आहेत आणि तिन्हींचं काम वेगळं आहे.

```
नोंद = वर्गणी(१२, 'जोशी', २५१)
नोंद.रक्कम = ५०१
दुसरी = नोंद
```

पहिली ओळ नवं ऑब्जेक्ट बनवते आणि त्याचा बिल्ला नोंद या नावाला देते. आधी तिथे दुसरा बिल्ला असेल तर तो हातातून जातो. दुसऱ्या ओळीत बिल्ला तोच राहतो, आपण स्टँडच्या आत जाऊन चपलेचा पट्टा बदलून येतो. तिसरीत ना नवं ऑब्जेक्ट बनतं, ना जुनं बदलतं. एकाच जोडाचे दोन बिल्ले होतात. यानंतर दुसरी.रक्कम बदललीत तर नोंद.रक्कमही बदललेली दिसणार, कारण चप्पल एकच आहे.

ओळ वाचताना डाव्या बाजूला टिंब आहे का एवढं बघायची सवय लावा. नुसतं नाव असेल तर बिल्ला बदलतोय. टिंब असेल, किंवा यादी[३] सारखा चौकटी कंस असेल, तर आतला माल बदलतोय. मी हे शिकवताना मुलांकडून कागदावर बाण काढून घेते. डावीकडे नावं, उजवीकडे चौकोन, मध्ये बाण. कंटाळतात, पण ज्याने दहा ओळींचे बाण काढले तो पुढे सहसा चुकत नाही.

पायरी २: ४२ काकूंचा उलगडा

त्याचा कोड साधारण असा होता (वही म्हणजे खोली, नाव, रक्कम अशा ४२ ओळी):

```
यादी = []
नोंद = वर्गणी()
फॉर ओळ इन वही:
    नोंद.खोली = ओळ[०]
    नोंद.नाव = ओळ[१]
    नोंद.रक्कम = ओळ[२]
    यादी.अपेंड(नोंद)
```

वर्गणी() ही हाक लूपच्या, म्हणजे फॉरच्या फेऱ्यांच्या, बाहेर आहे, म्हणजे ऑब्जेक्ट एकदाच बनलं. लूपमध्ये दर फेरीला त्याच ऑब्जेक्टवरची जुनी अक्षरं खोडून नवी लिहिली गेली. अपेंड ऑब्जेक्टची झेरॉक्स काढत नाही, बिल्ल्याची नक्कल यादीत टाकतं. म्हणून यादीत ४२ बिल्ले, सगळे एकाच चौकोनाकडे बोट दाखवणारे, आणि त्या चौकोनावर शेवटी लिहिलेलं टिकलं: खोली ४२.

त्याला पटेना. तो म्हणाला, "पण लूपमध्ये प्रिंट केलं तर बरोबर येतं!" येणारच. छापलं त्या क्षणी त्यावर खरोखर तेच नाव होतं. मग लूपमध्ये प्रिंट(आयडी(नोंद)) टाकायला लावलं. आयडी हे फंक्शन ऑब्जेक्टचा ओळख क्रमांक देतं. ४२ वेळा एकच भलामोठा आकडा आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

दुरुस्ती अशी:

```
यादी = []
फॉर ओळ इन वही:
    नोंद = वर्गणी(ओळ[०], ओळ[१], ओळ[२])
    यादी.अपेंड(नोंद)
```

नोंद हे नाव इथेही ४२ वेळा पुन्हा वापरलंय, बिनदिक्कत. दर फेरीला नवं ऑब्जेक्ट बनतं, नोंद त्याचा बिल्ला धरतं, यादीला नक्कल देतं आणि पुढच्या फेरीत हात मोकळा करतं. जुनं ऑब्जेक्ट हरवत नाही, कारण यादीकडे त्याचा बिल्ला आहे.

एक मजा करून बघा. अपेंडची ओळ काढून टाका आणि लूपमध्ये पुन्हा आयडी छापा. ४२ वेगळे आकडे येतील अशी अपेक्षा असते. नेहमीच्या पायथॉनवर बहुधा दोनच आकडे आलटून पालटून दिसतात. नवं ऑब्जेक्ट बनतं तेव्हा जुनं अजून नोंदच्या हातात असतं. बिल्ला बदलला की जुन्याला वाली उरत नाही, त्याची जागा रिकामी होते आणि पुढच्या फेरीतलं ऑब्जेक्ट नेमकं तिथेच जाऊन बसतं. ऑब्जेक्ट "टाकून देणं" म्हणतात ते हेच, आणि ते तुमच्या नकळत चाललेलं असतं.

पायरी ३: नक्कल हवी असेल तर

दुरुस्तीनंतर दोन दिवसांनी स्वारी परत हजर. मागच्या वर्षीच्या यादीवरून यंदाची बनवताना त्याने लिहिलं होतं यंदा = गेल्यावर्षी, आणि यंदाच्या रकमा भरल्यावर गेल्या वर्षीच्या रकमा बदलल्या होत्या. हा पायरी १ मधला तिसरा प्रकार. त्याने इंटरनेटवर शोधून गेल्यावर्षी.कॉपी() केलं, तरी तेच.

कारण कॉपी() नवी यादी देतं, पण तिच्यात बिल्ले जुनेच. पावतीपुस्तक नवं घेतलं आणि आत मागच्या पुस्तकातलीच पानं लावली, तर वेगळं काय होणार? आतली ऑब्जेक्ट्सही वेगळी हवी असतील तर कॉपी मॉड्यूलमधलं डीपकॉपी वापरावं लागतं. माझं विचाराल तर नवशिक्याने ते सर्रास वापरू नये. इथे लूप चालवून प्रत्येक खोलीसाठी नवी वर्गणी(...) बनवणं जास्त स्वच्छ, वाचणाऱ्याला हेतूही कळतो.

सी प्लस प्लस शिकत असाल तर सावध. तिथे साध्या ऑब्जेक्टला बरोबरच्या चिन्हाने दुसऱ्यात टाकलं तर अख्ख्या ऑब्जेक्टचीच नक्कल होते. सी शार्पमध्ये स्ट्रक्ट तसा वागतो, क्लास मात्र बिल्ल्यावर चालतो.

आणि दोन नोंदी "सारख्या" आहेत का बघताना नोटांचं उदाहरण लक्षात ठेवा. पाचशेच्या दोन नोटा किमतीने सारख्या, पण नंबर वेगळे. पायथॉनमध्ये किंमत तपासायला दुहेरी बरोबरचं चिन्ह आणि नोट तीच आहे का बघायला इज. रकमेची तुलना इजने करू नका. नेहमीचा पायथॉन उणे ५ ते २५६ हे आकडे आधीच बनवून ठेवतो, त्यामुळे १०१ वर इज चालल्यासारखं वाटतं आणि ५०१ वर कधीतरी दगा देतं. स्वतः लिहिलेल्या क्लासमध्ये सारखं म्हणजे काय हे सांगितलं नसेल, तर दुहेरी चिन्हही फक्त नोट तीच आहे का एवढंच बघतं.

पायरी ४: नाव पुन्हा कधी वापरावं

लूपमधलं नाव, बेरीज साठवणारं नाव, "आत्ताची" वस्तू धरणारं नाव: ही खुशाल पुन्हा वापरा, ती त्यासाठीच असतात. एकाच नावाखाली वेगवेगळ्या जातीचा माल ठेवू नका. आमच्या मुलाने रक्कम या नावात आधी कीबोर्डवरून आलेला मजकूर घेतला, खाली त्याचाच आकडा केला, आणखी खाली त्याचीच यादी. मधली एक ओळ कॉपी-पेस्टच्या नादात उडाली आणि ५०१ अधिक २५१ चं उत्तर ५०१२५१ आलं. मजकुराला मजकूर चिकटला आणि मंडळ एका ओळीत लखपती झालं. रक्कम_मजकूर आणि रक्कम अशी दोन नावं ठेवली असती तर चूक तिथेच दिसली असती. दोन नावांनी मेमरी वाढेल ही भीती मनातून काढा.

जावात व्हेरिएबलची जात एकदा ठरली की बदलत नाही, त्यामुळे चालवण्याआधी कोड तपासणारा कंपायलरच तुम्हाला रोखतो. पायथॉन रोखत नाही. तिथे यादीला चक्क लिस्ट असं नाव दिलंत तर पायथॉनचं स्वतःचं लिस्ट झाकलं जातं आणि शंभर ओळी खाली भलत्याच ठिकाणी प्रोग्राम कोसळतो.

जावाचं फायनल आणि २०१५ पासून जावास्क्रिप्टमध्ये आलेलं कॉन्स्ट हे बिल्ला मुठीत घट्ट धरायला लावतात, दुसरा घेऊ देत नाहीत. पण चपलेचा पट्टा बदलायला त्यांची आडकाठी नसते. "कॉन्स्ट लिहिलं तरी यादीत नवीन वस्तू कशी जाते?" याचं उत्तर हेच.

पायरी ५: ऑब्जेक्ट जातं कधी

रात्री देऊळ बंद होताना ज्या चपलांचा बिल्ला कोणाकडेच नाही त्या गोळा करून टाकल्या जातात. प्रोग्रामिंगमध्ये या सफाईला गार्बेज कलेक्शन म्हणतात आणि ती कल्पना ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषांपेक्षाही जुनी आहे. जॉन मॅकार्थी यांनी ती लिस्प भाषेसाठी मांडली, त्यांचा लेख १९६० चा. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरी वाट सुचवली: प्रत्येक वस्तूचे बाहेर किती बिल्ले आहेत ते मोजत राहायचं, शून्य झाले की लगेच टाकायचं. नेहमीचा पायथॉन, म्हणजे सीपायथॉन, मुख्यतः या मोजणीवर चालतो. जावा मोजत बसत नाही. चालू कोडपासून सुरुवात करून कुठल्या ऑब्जेक्टपर्यंत पोचता येतं ते अधूनमधून बघते आणि उरलेलं साफ करते.

डोळ्यांनी बघायचं असेल तर क्लासमध्ये हे घाला, फक्त प्रयोगापुरतं:

```
    डेफ __डेल__(सेल्फ):
        प्रिंट('गेली', सेल्फ.खोली)
```

मग हे चालवा:

```
नोंद = वर्गणी(५, 'पवार', १५१)
दुसरी = नोंद
डेल नोंद
प्रिंट('अजून आहे')
डेल दुसरी
```

आधी 'अजून आहे' छापलं जातं, मग 'गेली ५'. डेल या शब्दावरून वाटतं ऑब्जेक्ट पुसलं, पण डेल फक्त नाव पुसतं, बिल्ला फेकतं. चप्पल जाते ती शेवटचा बिल्ला गेल्यावर. नोंद = नन (पायथॉनचं 'काहीच नाही') लिहिलं तरी तोच परिणाम, फक्त नाव जिवंत राहतं आणि रिकाम्या हाताने उभं असतं. हा प्रयोग फाइलमध्ये लिहून चालवा. जुपिटरसारख्या नोटबुकमध्ये आउट नावाचा कोश आधीची उत्तरं धरून ठेवतो. मोठा तक्ता डेल करूनही मेमरी कमी होत नाही अशी तक्रार असेल तर आधी तिथे शोधा.

मोजणीच्या पद्धतीत एक भोक आहे. घर या ऑब्जेक्टकडे वर्गणीचा बिल्ला आणि वर्गणीकडे घराचा, असं झालं तर बाहेरची दोन्ही नावं पुसली तरी प्रत्येकाचा एकेक बिल्ला शिल्लकच. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांच्या किल्ल्या सांभाळाव्यात आणि दोघंही गावाला निघून जावेत, तसं. यासाठी पायथॉनमध्ये अशी वर्तुळं शोधणारा वेगळा कलेक्टर २००० सालच्या २.० आवृत्तीपासून आहे. तो सवडीने येतो. प्रयोग करताना जीसी.कलेक्ट() म्हणून लगेच बोलावता येतं. रोजच्या कोडमध्ये ती ओळ लिहायची वेळ आली, तर बहुतेकदा घोळ दुसरीकडे असतो.

जावात अशी हाक मारली तरी ती विनंती असते, ऐकेलच असं नाही. आणि मेथडच्या (क्लासमधल्या फंक्शनच्या) शेवटी प्रत्येक व्हेरिएबलला नल (जावाचं 'काहीच नाही') करत बसणारे लोक मी कामावर पाहिलेत. मेथड संपली की तिची स्थानिक नावं आपोआप जातात, ती ओळ वाचणाऱ्याचा वेळ खाते, बाकी काही नाही. नल करण्यात अर्थ तिथे, जिथे बिल्ला दीर्घायुषी माणसाच्या खिशात आहे: स्टॅटिक यादी, कॅश, किंवा स्वतः ॲरेवर लिहिलेला स्टॅक, ज्यात वरची वस्तू काढली तरी ॲरेचा तो कप्पा तिला धरून राहतो.

गार्बेज कलेक्शन असूनही मेमरी फुगते ती अशीच. प्रोग्राम दोन दिवस चालला की हळू होतो, आणि शोधल्यावर निघतं, की कोणीतरी "लागेल पुढे" म्हणून प्रत्येक नोंद एका ग्लोबल यादीत टाकत होतं. अशा वेळी "हे ऑब्जेक्ट कसं मारू?" असं विचारू नका. "अजून कोण धरून बसलंय?" असं विचारा.

पायरी ६: कलेक्टर जे बंद करत नाही

मेमरी आवरली जाते. उघडलेली फाइल, डेटाबेसचं कनेक्शन, नेटवर्कचा सॉकेट यांची हमी नाही. हे मी स्वतः फटका खाऊन शिकले. पहिल्या नोकरीत रिपोर्टचा एक प्रोग्राम लिहिला होता, दर ओळीला नवं कनेक्शन उघडणारा. व्हेरिएबल एकच, म्हणून मी निर्धास्त. पण जुनी कनेक्शन्स उघडीच राहत होती. कलेक्टरला मेमरीची चणचण नव्हती, मग त्याने घाई का करावी? दुपारी डेटाबेसने नवीन कनेक्शन द्यायला नकार दिला. माझ्याबरोबर सगळ्या मजल्याचं काम थांबलं आणि त्या दिवशी ८:४० ची कर्जतही गेली.

पायथॉनमध्ये यासाठी विथ आहे, २००६ च्या २.५ आवृत्तीपासून:

```
विथ ओपन('वही.टीएक्सटी') ॲज फाइल:
    फॉर ओळ इन फाइल:
        प्रिंट(ओळ)
```

विथखाली आत सरकवलेल्या ओळी संपल्या की फाइल बंद, मध्ये एरर आली तरी बंद. जावात २०११ च्या सातव्या आवृत्तीत ट्रायच्या कंसातच रिसोर्स उघडायची सोय आली, सी शार्पमध्ये यूजिंग आहे. बंद करण्याचं काम __डेल__ किंवा जावाच्या फायनलाइजवर सोपवू नका. ते कधी चालेल याची खात्री नसते, आणि फायनलाइज तर २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून जावानेच मोडीत काढायला घेतलं. सी प्लस प्लसमध्ये कलेक्टरच नसतो. तिथे न्यू केलेलं डिलीट करणं तुमच्या गळ्यात, म्हणून नवीन कोडमध्ये २०११ च्या मानकातले स्मार्ट पॉइंटर वापरतात, जे शेवटचा मालक गेला की स्वतःच डिलीट करतात.

आता तुम्ही करा

__डेल__ असलेला क्लास तसाच ठेवा आणि चालवण्याआधी कागदावर बाण काढून उत्तर लिहा:

```
क = वर्गणी(७, 'राणे', १०१)
ख = क
क = वर्गणी(८, 'शेख', २५१)
ख.रक्कम = ५०१
डेल क
प्रिंट(ख.खोली, ख.रक्कम)
```

आमच्या मुलाने आधी 'गेली ७' लिहिलं, मग बाण काढले आणि खोडलं. डेल क म्हणताना क च्या हातात आठ नंबरचा बिल्ला आहे, म्हणून पहिली ओळ 'गेली ८'. मग '७ ५०१'. आणि अगदी शेवटी, प्रोग्राम संपताना, 'गेली ७'.